तुमचं काम आम्हाला घेता येणार नाही

लंडनच्या हॅरो भागात माझी नणंद राहते. तिच्या ओळखीत कुणी घर घ्यायला निघालं की तिचा फोन येतो, "वहिनी, जरा पेपर्स बघून द्या ना." दर वेळी मी तिला तेच सांगते, की तिथला कायदा मला येत नाही. तिचा अजून विश्वास बसलेला नाही. देश एक, राजा एक, पासपोर्ट एक, मग कायदे दोन कसे? पण ते आहेत. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, कोर्टं वेगळी, वकिलीची परीक्षा वेगळी. इंग्लंडमध्ये चिडलेल्या बापाला मुलाचं नाव मृत्युपत्रातून सहज खोडता येतं. इथे जमीन आणि घर सोडलं, तर बाकीच्या मालमत्तेत मुलाचा वाटा राहतोच. मग बाप कितीही चिडलेला असो.

पुण्यातून कायद्याची पदवी घेऊन मी लग्न होऊन स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात आले. नवरा, सतीश, इथल्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. माझी पदवी इथे कपाटात ठेवण्याच्या लायकीची. पुन्हा परीक्षा दिल्या, पुन्हा उमेदवारी केली आणि सॉलिसिटर झाले. त्या अभ्यासात एकच गोष्ट ओळखीची वाटली, ती म्हणजे शेतजमिनीची कुळं. पुण्यात कुळकायदा घोकताना मी जांभया दिल्या होत्या. तोच विषय पुढे माझी भाकरी होणार आहे हे तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर जरा जागी राहून ऐकलं असतं.

इथला वकिलीचा बाजार लहान आहे. किती लहान, ते बाहेरच्यांना कळत नाही. सकाळी ज्याच्याशी कोर्टात भांडायचं, त्याची मुलगी दुपारी माझ्या मुलीबरोबर स्विमिंगला. समोरच्या पक्षाचा वकील कालपर्यंत आपल्याच फर्ममध्ये होता, किंवा उद्या येणार असतो. त्यामुळे इथे कुणी कुणाला फार फसवत नाही. सभ्यपणा हे एक कारण आहेच, पण परत भेटायचं असतं हे त्याहून मोठं.

आमच्या फर्मचा प्रमुख होता इयन. उंच, किंचित वाकलेला, बोलायच्या आधी चष्मा पुसणारा. मी मुलाखतीला गेले तेव्हा माझ्या उच्चारांवर त्याने अवाक्षर काढलं नाही. फक्त विचारलं, "चिखलात चालता येतं का?" शेतीची कामं करणाऱ्या वकिलाला ते यावंच लागतं. मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी गमबूट विकत घेतले. पुढे त्यानेच मला भागीदार केलं. फर्ममध्ये भागीदार म्हणजे पगारी नोकर नव्हे, मालकांपैकी एक. नफ्यात वाटा, तोट्यात वाटा आणि निर्णयात एक मत.

ते मत वापरायची वेळ आली तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती.

लंडनच्या मोठ्या फर्म्स स्कॉटलंडमध्ये यायला लागल्या होत्या. त्या नवीन दुकान थाटत नसत, चालतं दुकान घेत. एडिनबरा, ग्लासगो, ॲबरडीन, एकेक जुनी पाटी उतरत गेली. मग एके दिवशी इयनने आम्हा भागीदारांना खोलीत बोलावलं, चष्मा पुसला आणि सांगितलं, की आपल्यालाही विचारणा झालेली आहे.

त्याची बाजू पोकळ नव्हती, हे मला आजही मान्य आहे. बँका आणि कौन्सिलं आता मोठ्या फर्म्सनाच काम देत होत्या. कॉम्प्युटर, विमा, सगळ्यांचा खर्च वाढत होता. निवृत्त झालेल्या जुन्या मंडळींची पेन्शन फर्मच्या डोक्यावर होती. "आज आपण आपल्या अटींवर जाऊ," इयन म्हणाला. "पाच वर्षांनी त्यांच्या अटींवर जावं लागेल."

मतदान झालं. विरोधात मी आणि आणखी एकजण. ठराव पास झाला. मी हरले होते, पण निघून जायचं असं काही तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. पदरी पडलं आणि पवित्र झालं, या बेताने मी नव्या फर्मच्या ईमेलची ट्रेनिंगं करू लागले. आणि मग ॲग्नेसच्या केसपाशी घोडं पेंड खायला लागलं.

ॲग्नेस डंडीजवळच्या अँगस भागातल्या डोंगरात मेंढ्या पाळणारी बाई. सत्तरीची, विधवा, बुटकी. मी पन्नाशीची असले तरी मला "पोरी" म्हणणारी. ऑफिसात यायची ती कुत्र्याला घेऊन. आमची रिसेप्शनिस्ट कुत्र्याला पाणी ठेवायची, पण ॲग्नेसला चहा विचारायची हिंमत तिला होत नसे. ॲग्नेसचं शेत कुळाचं होतं. तिच्या सासऱ्यापासून एकाच जमीनदार घराण्याची जमीन त्यांनी कसली होती. ते घराणं थकलं आणि सगळा डोंगर एका गुंतवणूक कंपनीला विकून मोकळं झालं.

कंपनीला मेंढ्या नको होत्या, झाडं हवी होती. झाडं लावली की हवेतला कार्बन शोषला जातो आणि त्या शोषण्याचे पैसे मिळतात. झाडं लावणं वाईट असं मी कशाला म्हणू? पण ॲग्नेस वाटेत होती. आणि इथलं जुनं कूळ मालकाच्या मनात आलं म्हणून निघत नाही. कारण द्यावं लागतं, आणि ते कोर्टाला पटावं लागतं. कंपनीने कारण दिलं, की ही बाई शेत नीट करत नाही. कुंपणं पडलीत, चर बुजलेत, डोंगरावर रान माजलंय.

नोटीस वाचून ॲग्नेस माझ्यासमोर टेबलावर दोन्ही हात पसरून बसली होती. "मी जमीन घालवेन एक वेळ," ती म्हणाली. "पण आळशी म्हणवून घेऊन नाही."

मी आणि कर्स्टी या केसच्या तयारीला लागलो. कर्स्टी आमच्या फर्ममधली कोर्टाची कामं बघणारी वकील. माझ्याहून बरीच लहान, घरी दोन छोटी मुलं, आणि उलटतपासणीला उभी राहिली की समोरच्याची गाळण उडवणारी. सुनावणी शरद ऋतूत होती. आणि विलीनीकरण त्याच्या आधी, उन्हाळ्यात.

दोन फर्म एक होण्याआधी एक तपासणी होते. तुमचे क्लायंट आणि आमचे क्लायंट एकमेकांविरुद्ध तर नाहीत ना? एका म्यानात दोन तलवारी ठेवता येत नाहीत. वकिलाला स्वतःच्याच एका क्लायंटविरुद्ध दुसऱ्यासाठी लढता येत नाही. तपासणीत निघालं, की डोंगर घेणारी कंपनी ही लंडनच्या फर्मची जुनी, मोठी क्लायंट. या भांडणात तिचे वकील दुसरेच होते, एडिनबराचे, पण त्याने फरक पडत नव्हता. एकीला सोडणं भाग होतं. कुणाला, ते विचारायचीही गरज नव्हती.

मी स्वतः गाडी काढून ॲग्नेसकडे गेले. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. ती गोठ्यात एका मेंढीचे खूर कापत होती. मी सांगितलं, की एक तारखेपासून आमच्या फर्मला तुमचं काम घेता येणार नाही.

तिने मेंढी सोडली, चाकू पुसला. "म्हणजे माझं चुकतंय?"

"नाही. तुमची बाजू चांगली आहे."

"पैसे थकलेत माझे?"

"नाही हो."

"मग?"

मी तिला म्यान आणि तलवारीचं जे काही होतं ते समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ठीक आहे. दुसरा बघते."

आठवड्याभराने तिचा फोन आला. तिने शेतीची कामं करणाऱ्या प्रत्येक फर्मला विचारलं होतं. एडिनबराची एक, पर्थची दुसरी, ॲबरडीनची तिसरी. सगळीकडून तेच सभ्य उत्तर, की माफ करा, तुमचं काम आम्हाला घेता येणार नाही. कारण कंपनीने प्रत्येकीला कसलं ना कसलं काम देऊन ठेवलं होतं. कुणाला नोंदणीचं, कुणाला करांचं. हे मुद्दाम केलेलं की आपसूक झालेलं, मला ठाऊक नाही, आणि आरोप करायला मी जाणार नाही. लहान बाजारात एका मोठ्या गिऱ्हाइकाने सगळीकडे थोडी थोडी खरेदी केली, की दुसऱ्याला दुकानच उरत नाही. उरले होते ते घरांची विक्री आणि घटस्फोट करणारे वकील. त्यांना कुळाच्या केसमध्ये हात घालायचा धीर नव्हता.

"तर पोरी," ॲग्नेस म्हणाली, "मी एकटीच उभी राहीन म्हणते. जज्जसाहेबांना सांगेन काय ते."

मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. मला राग आला होता, पण नेमका कुणाचा ते कळत नव्हतं. इयन वाईट नव्हता, लंडनचे लोक वाईट नव्हते, नियमही योग्यच होता. सगळं योग्य असूनही एका बाईला वकील मिळत नव्हता.

घरी सतीशला म्हटलं, "मी बाहेर पडते."

तो कांदा चिरत होता. "एका केससाठी?"

"एका केससाठी."

"आणि मग?"

"मग बघू."

त्याने कांदा चिरणं चालू ठेवलं. "भूल देताना आम्ही 'मग बघू' म्हणत नाही," तो म्हणाला. आणि जरा वेळाने, "पण तू ठरवलंयस ना? मग कर."

लंडनहून आमच्या लेकीचा, अनघाचा फोन आला. तिचं मराठी इथलं आहे. "आई, तुझा फर्म सोडतेस तू? Are you sure? Nobody starts over at your age."

"तुझी फर्म," मी म्हटलं. "फर्म ती असते."

"आई! Seriously!"

"सीरियसलीच सांगतेय. ती माझी राहिलेली नाही, म्हणून सोडतेय."

खरी अडचण पुढे होती. भागीदारीच्या करारात अट होती, की सोडून जाणाऱ्याने वर्षभर फर्मच्या एकाही क्लायंटला हात लावायचा नाही. मी इयनच्या खोलीत गेले आणि सरळ विषय काढला.

"तू करार वाचलायस," तो म्हणाला.

"त्यातली निम्मी कलमं मीच लिहिली आहेत. ॲग्नेस आता आपली क्लायंट आहे का?"

"नाही. आपण तिला सोडलं."

"मग जी आपली नाही, तिला मी नेलं असं कसं होईल?"

त्याने चष्मा पुसला, बराच वेळ. "मला लंडनला विचारावं लागेल."

"विचार. पण ही फर्म एक तारखेपर्यंत तुझी आहे इयन. तोवर सही तुझी चालते."

माझ्या बोलण्यात धार होती, ती त्याला लागली. मलाही लागली. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांशी असं बोललो नव्हतो. त्याने लंडनला विचारलंच. तिकडून परवानगी आली ती अशी, की एकट्या ॲग्नेसला नेता येईल, दुसऱ्या कुणालाही नाही. सही करताना इयन म्हणाला, "एका मेंढपाळ बाईवर ऑफिस चालवणार आहेस?"

"सुरुवात एकीने करते," मी म्हटलं.

मी खोकं भरत असताना कर्स्टी दारात येऊन उभी राहिली. "उलटतपासणी कोण घेणार? तू? तुला खोटं बोलणाऱ्या माणसाचीसुद्धा दया येते."

"कर्स्टी, तुला घराचे हप्ते आहेत, मुलं आहेत."

"म्हणूनच लवकर जिंकायला हवं," ती म्हणाली आणि माझ्या खोक्यात तिचं स्टेपलर टाकून गेली. तोच तिचा राजीनामा.

फॉरफर नावाच्या छोट्या गावात, चष्म्याच्या दुकानाच्या वर, आम्ही दोन खोल्या घेतल्या. एकच क्लायंट. ती तिच्या कुत्र्यासह उद्घाटनाला आली आणि खिडक्या गळतात का ते तपासून गेली. कंपनीच्या एडिनबरातल्या वकिलांकडून जाडजूड अर्ज यायचे, आम्ही दोघी वाटून घेऊन उत्तरं द्यायचो. सतीशने माझ्या तोंडून कुंपण आणि चर याशिवाय दुसरा विषय ऐकला नाही.

शेतजमिनीच्या वादांसाठी इथे वेगळं कोर्ट आहे, आणि त्याची मला फार आवडणारी पद्धत अशी, की ते आपल्या पायांनी शेत बघायला जातं. जज्ज आणि त्यांच्याबरोबर शेती जाणणारे एक सदस्य. गावातल्या हॉलमध्ये साक्षी झाल्या आणि मग सगळी वरात गमबूट घालून डोंगर चढायला लागली. वारा असा, की बोललेलं तोंडातल्या तोंडात राहायचं. कंपनीच्या वकिलांचे बूट शहरातले होते. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

कंपनीचा मुख्य मुद्दा कुंपणाचा होता. त्यांचे तज्ज्ञ म्हणत होते, की कुंपणाची डागडुजी हे कुळाचं काम आणि ॲग्नेसने ते केलं नाही. आमचं म्हणणं कायद्याचं होतं. डागडुजी कुळाची खरी, पण वयाने संपलेलं कुंपण नवं घालणं मालकाचं काम. पटवायचं एवढंच होतं, की हे कुंपण आजारी नव्हतं, मेलेलं होतं.

डोंगराच्या कडेला कर्स्टी त्या तज्ज्ञांना म्हणाली, "यातला कोणता खांब दुरुस्त करता येईल, तो कोर्टाला दाखवा."

त्यांनी एक निवडला. कर्स्टीने जज्जसाहेबांची परवानगी घेऊन त्या खांबाला हात लावला, आणि तो मुळापाशी मोडून गवतात आडवा झाला. दुसरा निवडला, तोही तसाच. तारेनेच खांबांना उभं धरलेलं होतं. शेती जाणणाऱ्या सदस्यांनी जवळची एक मेंढी धरली, तिच्या पाठीवरून हात फिरवला, दात पाहिले आणि सोडून दिली. ॲग्नेस दोन पावलं दूर, हात मागे बांधून उभी होती. कुणाकडे बघत नव्हती.

निकाल यायला बरेच आठवडे लागले. ॲग्नेस जिंकली. निकालात एक वाक्य होतं, की कूळ आपलं काम चोख करत आलेलं आहे. मी ते तिला फोनवर वाचून दाखवलं. मला वाटलं, बाई आता रडेल.

"ते झालं," ती म्हणाली. "आता नवं कुंपण कधी घालणार ते विचार त्यांना."

घातलं त्यांनी. पण हे सगळं गोड झालं असं नाही. शेजारच्या शेताचं कूळ भरपाई घेऊन आधीच निघून गेलं होतं, आणि तिकडे झाडं लागली. लोकर कापायच्या दिवसांत त्या घराची माणसं ॲग्नेसच्या मदतीला यायची. आता ती बाहेरून माणसं बोलावते. जमीन राहिली, शेजार गेला. त्यावर कुठल्या कोर्टात जायचं, हे मला माहीत नाही.

आमच्याकडे मात्र माणसं यायला लागली. जाहिरात आम्ही केली नव्हती, ती मोठ्या फर्म्सनीच केली. जितक्या फर्म्स एक होत गेल्या, तितकी "तुमचं काम आम्हाला घेता येणार नाही" असं ऐकून परतलेली माणसं वाढली. मासे धुरी देऊन टिकवणारे दोन भाऊ आले, ते एकमेकांशी बोलत नव्हते, पण सुपरमार्केटविरुद्ध एक होते. एका खेड्यातले लोक गावच्या बंदराचा धक्का विकत घ्यायला निघाले होते, ते सगळे एकदमच आले आणि जिन्यात उभे राहिले. एक बॅगपाइप बनवणारा आला, त्याने बिल भरलं आणि वर बॅगपाइप वाजवूनही दाखवला. खालच्या चष्म्याच्या दुकानदाराने अजून मला माफ केलेलं नाही.

डंडीचं आमचं जुनं ऑफिस दोन वर्षांत बंद झालं. काम एडिनबराच्या एका मजल्यावर गेलं. कुत्र्याला पाणी ठेवणाऱ्या रिसेप्शनिस्टची नोकरी गेली. इयन लवकर निवृत्त झाला. एका शनिवारी तो मला सुपरमार्केटात भाजीपाशी भेटला.

"तू बरोबर होतीस असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला.

"म्हणू नकोस. जुन्या मंडळींना पेन्शन मिळतेय?"

"सगळ्यांना."

"मग तूही चुकला नाहीस."

त्याने चष्म्याला हात लावला, पण पुसला नाही. आम्ही अजून पूर्वीसारखे मित्र नाही. ती एक गोष्ट मला परत मिळवता आली नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्हालाही विचारणा आली. दुसऱ्या एका बड्या फर्मची. कर्स्टी आणि मी एडिनबराला काचेच्या इमारतीत गेलो. उत्तम कॉफी होती. समोरचा माणूस तरुण, हुशार आणि खरोखर सभ्य होता. त्याला आमची शेतीची कामं हवी होती. आकडा त्याने कागदावर लिहून पुढे सरकवला, आणि तो चांगला होता. सतीशची निवृत्ती जवळ आलेली. कर्स्टीच्या मुलांची कॉलेजं पुढे आहेत. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, कागदाकडेही नाही. खिडकीबाहेर बघत होती.

"एक विचारू?" मी त्याला म्हटलं. "आम्ही तुमच्यात आलो, तर आमच्या आजच्या क्लायंटपैकी किती जणांना सोडावं लागेल?"

त्याने प्रामाणिकपणे लॅपटॉपमध्ये पाहिलं. "बहुतेक सगळ्यांना," तो म्हणाला, आणि स्वतःच जरा ओशाळला.

"मग तुम्ही नेमकं काय विकत घेताय?"

"तुम्ही तिथे नसणं," असं तो म्हणाला नाही. पण तेच होतं, त्यांच्या क्लायंटविरुद्ध उभं राहायला आम्ही उरणार नव्हतो. आम्ही हात मिळवले, कॉफीबद्दल आभार मानले आणि बाहेर पडलो.

परतीच्या ट्रेनमध्येही कर्स्टी खिडकीबाहेरच बघत होती. मला धाकधूक, की हिला तो आकडा हवा होता. खाडीवरचा पूल ओलांडून गाडी पलीकडच्या फाइफमध्ये शिरली, तेव्हा ती म्हणाली, "आपल्याला अजून एक वकील लागेल. मंगळवारच्या दोन्ही सुनावण्या एकाच वेळी आहेत."

"परवडेल?"

"नाही," ती म्हणाली. "पण घेऊ."

आणि तिने तिथेच, गुडघ्यावर लॅपटॉप ठेवून, जाहिरात लिहायला घेतली. मी तिला पहिलं वाक्य सांगितलं, की चिखलात चालता आलं पाहिजे. तिने ते खोडलं. म्हणाली, "आधी पगार लिहू या. नाहीतर कुणी येणार नाही."